अण्णांची तुटक रेषा

फ्लेक्स उलगडला तेव्हा चहाची बशी मल्लेशच्या ओठांपर्यंत आलेली होती. ती तशीच खाली गेली.

सोमेशच्या जळकोटच्या घरातला हॉल तसा ऐसपैस, तरी आठ फूट बाय सहा फुटांचा तो फ्लेक्स पसरायला सोफे भिंतीकडे सरकवावे लागले होते. कोपरे वर वळत होते म्हणून सोमेशने दोन कोपऱ्यांवर दुकानातली बियाण्याची पाकिटं ठेवली, तिसऱ्यावर तांब्या आणि चौथ्यावर बाळाच्या पावडरीचा डबा. बाळ म्हणजे सोमेशचा नातू. उद्या त्याचं बारसं, आणि मंगल कार्यालयाच्या दारात हा वंशवृक्ष लागणार होता.

त्या वृक्षाच्या पानापानामागे मल्लेशचं अख्खं वर्ष होतं. नांदेडच्या कॉलेजातली ग्रंथपालाची नोकरी संपून आठ वर्षं झाली, तरी कुठलीही गोष्ट नोंदीशिवाय खरी मानायची नाही ही खोड गेली नव्हती. जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, लग्नाच्या नोंदी. नांदेडची महानगरपालिका, लातूरचं रुग्णालय, जळकोटची नगरपंचायत, आणि जुनी दप्तरं जिथे राहून गेली होती ती उदगीरची रेकॉर्डरूम. बाळाचा दाखला एकविसाव्या दिवशी क्यूआर कोडासकट घरी आला होता, फक्त नावाची जागा रिकामी. बाळाच्या पणजोबांसाठी मात्र उदगीरच्या फडताळांतली धूळ खावी लागली होती.

सगळ्यांत वर आजोबा शिवलिंगप्पा आणि आजी नीलम्मा. त्यांच्याखाली सहा रेषा. पहिली गुरम्मा आत्याची. मग तीन मुलगे, ज्यांची नावं कुठेच नोंदलेली नव्हती. कोतवाल बुकात, म्हणजे गावाच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत, त्यांच्या मृत्यूच्या नोंदी सापडल्या होत्या: ‘मुलगा, सहा दिवस’, ‘मुलगा, अकरा महिने’, ‘मुलगा, दोन वर्षे’. त्या तिन्ही रेषा काळ्याभोर, सरळ. सहावी रेषा धाकटे काका मलप्पांची, म्हणजे सोमेशच्या वडिलांची. तीही सरळ.

आणि पाचवी, मल्लेशच्या वडिलांची, तुटक. ठिपका, जागा, ठिपका, जागा. शेवटी ‘संगप्पा’, म्हणजे अण्णा.

जे तिघं अंगावर पिण्याच्या वयात गेले ते पक्के, आणि जो एकोणनव्वद वर्षांचा माणूस समोरच्या खुर्चीत बसून केळ सोलतोय तो कच्चा.

“सोमेश,” मल्लेश म्हणाला, “ही रेषा...”

“दादा, नियम तुमचाच हाय बरं.” सोमेश गुडघ्यांवर बसून फ्लेक्सची सुरकुती तळहाताने मोडत होता. “दिवाळीला नांदेडात तुमच्याच घरी ठरलं. कागद असंल तर सरळ रेष, कागद न्हाई तर तुटक. म्या हात वर केला होता. तुम्ही तर माझ्या आईचं नावसुद्धा तिचा दाखला येईस्तोवर तुटक ठेवलं होतं.”

हे खरं होतं. मल्लेशने ते वहीत लिहूनही ठेवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, कारण त्याचं ऐकून घेण्यापेक्षा मान डोलावणं सोपं होतं.

“अहो, पण अण्णांची रेष?” मंजुश्री स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. मल्लेशची बायको त्याच्या निम्म्या शब्दांत दुप्पट बोलत असे. “सोमेश भावजी, आमच्या लग्नाचा दाखला मिळाला चाळीस वर्षांनी. ह्यांनी मला साठीत नगरपालिकेत उभी केली, तीन साक्षीदार आणि लग्नपत्रिका घेऊन. ती बाई विचारते, फोटोतली मुलगी हीच का. तेव्हा कागदाचं कौतुक मला सांगू नका. अण्णा समोर बसलेत. त्यांचा कागद काय करायचा?”

“वहिनी, मी कुठं म्हणलं ते न्हाईत म्हणून? पण दादानं तीनदा उदगीर केलं, सापडलं का? आमच्या बापाची नोंद सापडली, तीन गेलेल्यांची सापडली. मधल्या एकाचीच न्हाई.” सोमेश थांबला, आणि थांबायला हवं होतं त्यापेक्षा एक वाक्य पुढे गेला. “आमची आई म्हणायचीच. तीन गेल्यावर हा चौथा कुठून तरी घेतलेला हाय म्हणून.”

हॉलमध्ये सात-आठ माणसं होती. सोमेशची सून शिवांगी बाळाला खांद्यावर थोपटत होती, तिचा हात थांबला. मलप्पा काकांच्या दोन लेकी एकमेकींकडे न बघता एकमेकींच्या जवळ सरकल्या. मल्लेशला कळलं, हे वाक्य आज पहिल्यांदा बोललं गेलेलं नाही. आज ते फक्त त्याच्यासमोर बोललं गेलं.

“काय म्हणून राहिला त्यो?” अण्णांनी विचारलं. कानातलं मशीन त्यांनी नेहमीप्रमाणे सदऱ्याच्या खिशात ठेवलेलं होतं.

“काही नाही अण्णा, फ्लेक्स चांगला झालाय म्हणतो.”

“रंग लई भडक हाय,” अण्णा म्हणाले आणि केळाचा दुसरा घास घेतला.

“आत्या,” सोमेश खिडकीशी बसलेल्या गुरम्मा आत्याकडे वळला. त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. एकदाचं मिटवून टाकावं अशी घाई होती. “तुमच्याशिवाय सांगणार कोण? तुम्ही होता तवा. अण्णा पोटचेच ना?”

गुरम्मा आत्या चौऱ्याण्णव वर्षांची होती. उदगीरहून सकाळीच आली होती. गळ्यातल्या इष्टलिंगाशी चाळा करत बसली होती. कुणाच्या लग्नात कुणाला साडी हलकी आली इथपासून रझाकारांच्या साली कुणी धान्याचं पेव कुठं खणलं इथपर्यंत सगळं तिला पाठ होतं. विचारलं नाही तरी सांगायची.

आता मात्र तिने तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “मला काय इचारता. लहान होते मी.”

“अहो आत्या, तुम्ही पाच वर्षांच्या होता. तुम्हाला तर कोतवालाच्या घोड्याचा रंग आठवतो,” सोमेश म्हणाला.

“न्हाई आठवत,” आत्या म्हणाली.

मल्लेशने तिचा हात पाहिला. चाळा थांबला होता, इष्टलिंग तिने मुठीत घट्ट धरलं होतं. आत्या खोटं बोलत होती. म्हणजे सोमेशची आई खरं बोलत होती.

“सहा वाजेपर्यंत फ्लेक्सवाला दुरुस्ती घेतो,” सोमेश जरा नरमून म्हणाला. “मग मशीन बंद करून तो सासरवाडीला जाणार. दादा, तुम्ही म्हणाल तसं.”

घड्याळात सव्वातीन झाले होते. मल्लेश उठला, खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि “आलो,” एवढंच म्हणाला. कुठे जातो हे सांगितलं असतं तर कुणीतरी बरोबर आलं असतं.

*

पिशवीत उदगीरहून मागच्या आठवड्यात मिळालेल्या नकला होत्या. फसली सन तेराशे पंचेचाळीस ते सत्तेचाळीस, म्हणजे आपलं एकोणीसशे पस्तीस ते अडतीस, निजामाच्या अमलातली वही, सगळी उर्दूत. रेकॉर्डरूममधल्या माणसाने शिवलिंगप्पांच्या नावाची प्रत्येक नोंद मराठीत उतरवून दिली होती आणि म्हणाला होता, “सर, तुमच्या घराची एवढीच.” मल्लेशने मात्र त्या तीन वर्षांची आपल्या गल्लीची सगळी पानं मागून घेतली. ग्रंथपालाला माहीत असतं, की पुस्तक हरवत नाही, चुकीच्या कप्प्यात जातं.

पण त्याला उर्दू येत नव्हती. हीही एक लाज. वडिलांना येत होती. चौथीपर्यंत ते उर्दूतच शिकले होते. आता त्यांची नजर अधू झाली होती, आणि मुळात त्यांचा जन्म शोधायला त्यांनाच बसवायचं धाडस मल्लेशला झालं नसतं.

उर्दू वाचणारं, न हसणारं आणि बाहेर न बोलणारं असं गावात एकच माणूस त्याला आठवलं. मोहियोद्दीन मनियार. घरापासून चार दारं पलीकडे त्यांचं बांगड्यांचं दुकान. मल्लेशचं कुटुंब जुन्या घरी राहत होतं तेव्हा तर भिंतीला भिंत होती. दर ईदला अण्णा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून पहिला शीरखुर्मा तिथे पिऊन यायचे. बाकी कुणाच्या घरचं पाणीही सहसा न घेणारा हा माणूस. शेजारधर्म, असं सगळे म्हणत.

“आवो मास्तर,” मोहियोद्दीन म्हणाला. मल्लेश कधीही मास्तर नव्हता, पण चष्मा आणि पिशवी बघून तो त्याला लहानपणापासून मास्तरच म्हणायचा. वयाने तीनेक वर्षांनी लहान. “उद्या तुमच्याकडं बांगड्या भरायला बोलावलंय आम्हाला. हुमा येईल, माझी लेक. हिरव्या किती लागतील?”

“ते बायकांना विचार. मला हे वाचून दे.”

मोहियोद्दीनने काचेच्या कपाटावरच्या बांगड्यांच्या लडी बाजूला सरकवल्या आणि पानं पसरली. चष्मा पुसला. “अरे बाप रे. काय मोत्यासारखं अक्षर हाय. काय शोधायचंय?”

“आमचे अण्णा.”

त्याने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. गल्लीतले तेली, कोष्टी, वाणी, एक भटजी. मुलगा, मुलगी, मुलगी, मयत. मल्लेश शेजारी उभा राहून प्रत्येक नावाला श्वास रोखायचा आणि सोडायचा. एक वर्ष संपलं. दुसऱ्याच्या मधोमध मोहियोद्दीनचं बोट थांबलं.

“हे तर आमचं घर,” तो म्हणाला.

“कसं?”

“हे बघा. मौला मनियार, म्हणजे आमचे दादा, अब्बांचे अब्बा. बीवी चाँदबी. लडका. महिना फरवर्दी, सन तेराशे शेचाळीस.” त्याने बोटांवर हिशोब केला. “म्हणजे एकोणीसशे सदतीसचा फेब्रुवारी.” मग कपाळाला आठी घातली. “पर आमच्या अब्बांचा जन्म तर बेचाळीसचा. अन् अब्बा एकुलते एक. हा लडका कोण?”

दोघे त्या ओळीकडे बघत राहिले. मल्लेशला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी नजर हलेना.

“गेला असेल लहानपणी,” मल्लेश म्हणाला. मोहियोद्दीनने उरलेली सगळी पानं बोट फिरवत बघितली.

“मयतात न्हाई ना. शेवटपर्यंत बघितलं मी.” मोहियोद्दीनने मागच्या पडद्याकडे तोंड करून हाक दिली. “अम्मी, ओ अम्मी, जरा बाहर आव.”

दिलशाद खालांचं वय ऐंशीच्या पुढे. पडदा सारून त्या भिंतीला धरत आल्या, मल्लेशला बघून पदर सारखा केला. “मल्लेश? वाळलास रे. मंजू खाऊ घालत न्हाई का?”

“अम्मी, दादीला अब्बांच्या आधी एक लडका झाला होता का?”

खालांनी पानांकडे पाहिलं, मग मल्लेशकडे, मग दुकानाच्या उघड्या दाराकडे. “शटर अर्धं वढ,” त्या मुलाला म्हणाल्या.

मोहियोद्दीनने शटर अर्धं ओढलं. दुकानात हिरव्या काचांचा उजेड उरला.

“कुणी सांगितलं तुला?” त्यांनी मल्लेशला विचारलं.

“कुणी नाही. कागद सांगतोय.”

“मग माझ्यावर न्हाई त्याचं पाप.” खाला हळूच स्टुलावर बसल्या. “तो लडका म्हंजे तुझा बाप.”

मल्लेशने ते पान स्वतःकडे ओढलं. तर हे असं. घेतलेला नव्हे, दिलेला. आपण कोण, हा प्रश्न सहासष्टाव्या वर्षी बांगड्यांच्या दुकानात सुटावा. त्याला एकाच वेळी हसू येईलसं आणि खाली बसावंसं वाटलं.

“म्हणजे अण्णा तुमच्या सासूबाईंच्या पोटचे?”

“येडा हायेस. शिकलेला माणूस तू. पोटचा तुझ्या आज्जीच्याच. नीलम्माच्या.” त्या रागावल्याच. “ऐकून तर घे. नीलम्माची तीन पोरं गेली एकामागून एक. पोरगी राहिली, पोरगा राहीना. चौथा झाला तवा सुईण म्हणली, ह्याला ईक. ईकलेलं लेकरू त्याला दिसत न्हाई.”

“कुणाला?”

“ज्यानं तिघं नेले त्याला.” खालांनी वर बघितलं. “तर पाचव्या दिवशी बाळ सुपात ठिवलं अन् भिंतीवरून इकडं दिलं. माझ्या सासूनं बदल्यात सूपभर जवारी दिली. म्हंजे घेतला ईकत. रीतच होती ती, तुमच्यात, आमच्यात, समद्यात. दूध पाजायला नीलम्माच यायची, पर आपल्या घरात आल्यावानी न्हाई, पाव्हणीवानी. त्याच दिवसांत कोतवाल आला वही घिऊन. दारात माझी सासू बसली होती, मांडीवर लेकरू. इचारलं, किसका? सासू म्हणली, मेरा. त्यानं लिवलं. सरकारी वहीत लिवलं म्हणल्यावर त्यालाबी पटलं असंल, वरच्याला.”

मोहियोद्दीन खुदकन हसला.

“आणि मग परत?” मल्लेशने विचारलं. “विकलेलं मूल सोडवतात ना?”

“सोडवत्यात. पाचव्या वर्षी जवारी परत द्यायची, चोळीचा खण द्यायचा, लेकरू घिऊन जायचं. माझी सासू वाट बघत बसली. पाच झाली, सात झाली. मलप्पा झाला, तोबी जगला. समदे म्हणले, आता काय भेव, सोडव. नीलम्मा म्हणली, न्हाई सोडवत. चाँदबी, तुझाच असू दे. मी रोज बघते, तेवढं बास हाय.” खालांनी पदराने डोळ्याची कड टिपली. “कवाच न्हाई सोडवला. तुझा बाप अजून आमचाच हाय, कायद्यानं बघितलं तर.”

मल्लेशला एकदम एक दिवस आठवला. आठ वर्षांचा असेल तो. मनियारांच्या घरातून चाँदबींचा जनाजा निघाला होता आणि अण्णा सगळ्यांत पुढे, खांदा देऊन. परत आले, आंघोळ केली आणि दोन दिवस जेवले नाहीत. आई म्हणाली होती, त्यांना उन्हाचा त्रास झालाय. महिना डिसेंबर होता.

“हे आणखी कुणाला ठाऊक आहे?”

“गुरम्माला. तिनंच तर सूप धरलं होतं दुसऱ्या बाजूनं. नीलम्मानं तिच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घातली. भाऊ जित्ता हाय तोवर तोंडातून काढायचं न्हाई. काढलंस तर त्याला कळंल अन् तो भावाला नेईल. पाच वर्साची पोर ती. तवापासून तोंडाला कुलूप.” खाला उठल्या. “शपथ तिच्यावर हाय, आमच्यावर न्हाई. म्हणून मी बोलले. तू काय करायचं ते तू बघ. शिकलेला हायेस.”

*

परत येताना चार दारांचं अंतर मल्लेशने फार हळू कापलं. नकलेचा कागद घडी करून त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवला होता.

हा कागद फ्लेक्सवर टाकला, खालांनी सांगितलेलं सगळ्यांना सांगितलं की झालं. अण्णा पोटचे, कागद सापडला, रेषा सरळ. सोमेशच्या आईचं वाक्य कायमचं संपलं. सगळं आयुष्य नोंदीमागे गेलेल्या माणसाला अशी नोंद एकदाच मिळते. आणि मृत्यू काही कोतवाल बुक वाचत नाही, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण आत्याला हे ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यापैकी कुणी एकोणनव्वद वर्षं तोंड मिटून बसलेलं नव्हतं. उद्या कागद वाचला आणि महिन्याभरात अण्णा गेले, या वयात जातीलच कधीतरी, तर ती उरलेले दिवस काय घेऊन जगेल? आत्याला कसं सांगायचं की तू उगाच घाबरलीस? उगाच होतं हे तरी कशावरून? माणूस एकोणनव्वद वर्षं जगला होता.

तो दारात पोचला तेव्हा पावणेसहा झाले होते, आणि हॉलमधली माणसं बदललेली होती. म्हणजे माणसं तीच, पण बसायच्या जागा बदललेल्या. मलप्पा काकांच्या दोन्ही लेकी आता मंजुश्रीच्या शेजारी होत्या. सोमेश एकटाच फ्लेक्सच्या कडेला, कान धरून वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.

“या,” मंजुश्री म्हणाली. “मी बोललेय ह्यांच्याशी.”

काय बोलली असेल ते सोमेशच्या तोंडावरून दिसत होतं.

“दादा,” सोमेश म्हणाला, “चुकलंच माझं. आई बोलली असंल कायबाय, जावाजावांचं ते. बाप मेल्यावर मला दुकान कुणी घालून दिलं? अण्णांनी. माझ्या लग्नात माझ्या बापाच्या जागी कोण बसलं? फ्लेक्सवाल्याला मशीन चालू ठिवायला लावलंय. सरळ रेष करायला सांगतो. कागद गेला उडत.”

त्याने फोन काढला. सगळ्यांचे चेहरे सैलावले. शिवांगी बाळाला म्हणाली, “बघ, आजोबा शहाणे झाले.” मलप्पा काकांची थोरली लेक सिंधु हसली.

आत्या हसली नाही. खिडकीशी तशीच बसून होती, फक्त आता बाहेर बघत नव्हती. सोमेशच्या फोनकडे बघत होती. रस्त्यावर लेकरू गाडीसमोर जाताना दिसावं आणि हाक मारायला आवाज फुटू नये, तशी. रेषा सरळ झाली की तिचा भाऊ उद्या सगळ्यांसमोर पुन्हा नीलम्माचा होणार होता, आणि ‘त्याला’ दिसणार होता.

“नको,” मल्लेश म्हणाला.

“काय नको?”

“रेषा राहू दे. तुटक.”

सोमेशचा अंगठा फोनवर थांबला. मंजुश्री पुढे आली. “अहो, शुद्धीवर आहात का? तुमचे वडील आहेत. हा माणूस पाय धरायला तयार झालाय आणि तुम्ही...”

“नियम मी केलाय,” मल्लेश म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. “कागद असेल तर सरळ. अण्णांचा कागद नाही.”

“कुठं गेला होता मग पिशवी घेऊन?”

“बघायला. सापडला नाही.”

उभ्या आयुष्यात त्याने नोंदीविषयी खोटं सांगितलं नव्हतं. कान तापले. मंजुश्रीने त्याच्या कानांकडे पाहिलं, मग सदऱ्याच्या खिशाकडे, जिथून घडीचा एक पांढरा कोपरा वर आला होता. चाळीस वर्षांत दाखला नसला तरी लग्न झालेलं होतं. ती क्षणभर तशीच उभी राहिली.

“राहू द्या मग,” ती सोमेशला म्हणाली. “आमची तरी मार्चपर्यंत तुटकच होती. काही अडलं नाही.”

“अहो वहिनी, आत्ताच तर तुम्ही मला...”

“तेव्हाचं तेव्हा. फ्लेक्सवाल्याला सासरवाडीला जाऊ द्या.”

सोमेशने फोन खिशात घातला आणि मलप्पा काकांच्या लेकींकडे पाहिलं. त्यांनाही काही कळलं नव्हतं. “ह्या घरात आपण कवाबी चुकीच्याच बाजूला असतो,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा सगळे मोकळेपणी हसले.

त्या हसण्याने अण्णा हलले. त्यांनी खिशातलं मशीन काढून कानात घातलं, काठी टेकत उठले आणि फ्लेक्सपाशी येऊन वाकले. बियाण्याच्या पाकिटाजवळून काठीचं टोक हळूहळू वर सरकलं आणि ठिपक्यांवर आलं.

“ही माझी का?”

“हो अण्णा.”

“अशी काऊन?”

“तुमच्या जन्माचा कागद सापडला नाही.”

अण्णांनी ठिपके काठीने एकेक करून मोजल्यासारखे केले. त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण नव्हती.

“कसा सापडंल,” ते म्हणाले. “आपल्या घरात शोधून ऱ्हायलास तू.”

“संगू,” खिडकीतून आत्या कडाडली, “मशीन काढ कानातलं. हवा जाती.”

“काढतो की,” अण्णा म्हणाले आणि आज्ञाधारकपणे मशीन काढलं. बहिणीकडे बघून त्यांनी डोळे मिचकावल्याचा मल्लेशला भास झाला. भासच असावा, अण्णा तसे करणारे नव्हते.

माणसं जेवणाची पानं मांडायला आत गेली. फ्लेक्सची गुंडाळी सोमेशने भिंतीला उभी केली. मल्लेश आत्याला हात द्यायला खिडकीशी गेला. ती उठली, त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या खिशावर थोपटलं. घडी कुरकुरली.

“दिलशादकडं गेलतास,” ती म्हणाली. विचारलं नाही.

मल्लेशने नुसती मान हलवली. ती बोलू शकत नव्हती, तर आपणही बोलू नये, एवढं त्याला कळत होतं.

“उद्या तिला बोलीव जेवायला. पयल्या पंगतीत. अन् सोमेशला सांग, शिवांगीच्या लेकराचं नाव ठिवताना तिच्या मांडीवर दे म्हणावं थोडा वेळ. काऊन म्हणून कुणी इचारलं तर म्हण, आत्या म्हातारी झाली, कायबी सांगती.”

“सांगतो.”

“अन् ह्यो कागद?”

“आत्या, ही नुसती नक्कल आहे. खरी वही उदगीरलाच आहे. कुलपात.”

“मग ठीक,” आत्या म्हणाली आणि त्याचा हात सोडून स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघराकडे निघाली. जाता जाता तीन दिवसांपूर्वीच्या बुंदीचं पीठ कसं बिघडलं होतं हे तिने मोठ्याने सांगायला सुरुवात केली होती.

मल्लेशने पिशवी उघडली. आत त्याच्या सवयीने दोन फायली होत्या. एकीवर ‘मिळाले’, दुसरीवर ‘शोध चालू’. त्याने कागद दुसऱ्या फायलीत घातला, दोरी बांधली, आणि अण्णांच्या शेजारच्या पानावर जाऊन बसला.